९ वर्षांचं पीएस४ दुरुस्त करू की नवीन घेऊ? (घराखाली पिठाची गिरणी आहे)

गिरणीकर_कराड

नमस्कार मंडळी. वाचक जुना आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

कराडजवळ आमची पिठाची गिरणी आहे. खाली गिरणी, वर घर. २०१६ च्या उन्हाळ्यात थोरला पहिलीला जाणार होता, तेव्हा पीएस४ (प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) घेतलं. घेतलं पोराच्या नावानं, खेळणार मी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. रात्री साडेनऊला शेवटचं दळण झालं की आंघोळ करायची आणि तासभर क्रिकेट. गेली ९ वर्षं माझं करमणुकीचं खातं एवढंच. दारू नाही, तंबाखू नाही. (चहा आहे.)

आता त्याची दुखणी सांगतो. चालू केल्यावर ५ मिनिटांत पंखा असा सुटतो, की खाली चक्की चालूच राहिली का काय म्हणून आई जिन्यातून डोकावते. साधारण २५ मिनिटांनी ‘फार गरम झालंय’ असा संदेश येतो आणि गडी झोपतो. दुसरं, डिस्क आत ओढून घेतं, खर्र खर्र करतं आणि ‘डिस्क ओळखता येत नाही’ म्हणतं. १९ डिस्क आहेत, त्यातल्या ७-८ तरी अशा बाहेर येतात. तिसरं, मेनू एका खान्यावरून दुसऱ्यावर सरकेपर्यंत एक पायली दळून होईल. मधूनच सीई-३४८७८-० असा आकडा दाखवतं आणि गेम बंद.

तालुक्याला एका दुरुस्तीवाल्याकडं नेलं होतं. त्यानं न उघडता सांगितलं, “बोर्ड गेलाय, ९ हजार, गॅरंटी नाही.” माझ्याकडं कुणी बंद पडलेली मोटर आणली आणि मी झाकण न काढताच वाइंडिंग जळालं म्हणून सांगितलं, तर गाव मला ठेवील का?

म्हणजे रस्ते तीन. ९ हजार देऊन याच्यावर भरवसा ठेवायचा. पुण्यात कुणाचं तरी वापरलेलं पीएस४ १४-१५ हजारांना मिळतंय, ते घ्यायचं. नाहीतर एकदाच छातीवर दगड ठेवून पीएस५, म्हणजे ५० हजारांच्या वर. पैसे अगदीच नाहीत असं नाही, पण ते गिरणीचा दगड बदलायला ठेवलेत. टाकी लावून लावून दगड झिजलाय.

सौ. म्हणाल्या, “मोटर जळाली तर दोन तासांत ठरवता. ह्या डब्याला तीन महिने?” बरोबर आहे त्यांचं. पण त्या डब्यात क्रिकेटच्या गेममधला माझा एक डावखुरा आहे, सातव्या नंबरवर येतो, लेगस्पिन टाकतो. ११ सीझन खेळलाय. दुरुस्तीत तो गेला तर मग नवीन काय नि जुनं काय.

बदलापूर_फास्ट

पीसी घ्या, कायमची कटकट संपेल.

गिरणीकर_कराड

पीठ खायला चार पंखे जास्त मिळतील त्याला.

सोल्डरताई

दादा, मी पुण्यात ८ वर्षं हेच काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

पहिली गोष्ट, २५ मिनिटं चालतंय म्हणजे बोर्ड जिवंत आहे. गेलेला बोर्ड एकतर चालूच होत नाही, नाहीतर निळा दिवा लुकलुकतो आणि टीव्हीवर चित्र येत नाही. तुमचं मशीन गुदमरलंय आणि म्हातारं झालंय. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींना औषध आहे.

उघडण्याआधी डावखुऱ्याला बाहेर काढा. एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लावा, सेटिंग्जमध्ये ‘ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट’मध्ये जा आणि सिस्टीम स्टोरेजमधून यूएसबीवर कॉपी करा. १० मिनिटांचं काम आहे, तुमच्याकडं २५ आहेत. गेमची डिस्क लागत नाही त्याला. मात्र ज्या खात्याखाली तो खेळाडू तयार झाला, त्याच खात्यावर तो परत येतो. पासवर्ड आठवतोय का ते आजच बघा. माझ्याकडं येणारी निम्मी रड पासवर्डचीच असते.

आता गरम होण्याचं. साधी धूळ आत गेली तर कोरडी राहते, झटकली की निघते. पीठ हवेतला ओलावा ओढतं आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये थापून बसतं. वर गरम हवा, म्हणजे भाजूनही निघतं. मग पंखा कितीही ओरडला तरी हवा जाणार कुठून? शिवाय चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट ९ वर्षांत वाळलेली असणार. पेस्ट बदलायची तर आतला पॉवर सप्लाय आणि खालचं सगळं काढावं लागतं. स्क्रू टॉर्क्स टी८, पण मध्ये भोक असलेला स्क्रूड्रायव्हर लागेल, साधा बसत नाही.

मेनू रांगतोय, गेम बंद पडतात, ही माझ्या मते हार्ड डिस्क आहे. आतली अडीच इंची, ५०० जीबीची. तुमच्याकडं लाइट जाते, आणि चालू असताना लाइट गेली की पहिला मार तिला बसतो. आधी सेफ मोडमध्ये जाऊन बघा. मशीन बंद असताना पॉवर बटण दाबून धरायचं, दुसरा बीप साधारण ७ सेकंदांनी येतो, तेव्हा सोडायचं. कंट्रोलर वायरनं जोडायचा. पाचवा पर्याय ‘रिबिल्ड डेटाबेस’ घ्या, म्हणजे मशीन आतल्या फायलींची यादी नव्यानं बनवतं. फरक पडला नाही तर हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका. सहा आणि सात नंबरला हात लावू नका, ते सगळं पुसतात. निदान सेव्ह (साठवलेला खेळ) बाहेर काढेपर्यंत तरी नको.

एक विचारायचं राहिलं. गिरणीतल्या ब्लोअरनं फुंकलंय का तुम्ही?

गिरणीकर_कराड

…दर दिवाळीला.

सोल्डरताई

वाटलंच. पीठ आणखी आत गेलं, आणि फुंकताना पंखा मोकाट फिरला की त्याच्या बेअरिंगची वाट लागते. तुम्हाला बेअरिंग काय असतं ते मी सांगावं का! यापुढं पंखा काडीनं अडवल्याशिवाय हवा मारायची नाही.

नाशिकचा_निवांत

मी २०२१ ला पीएस५ घेतलं, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

घेणार असाल तर डिस्कवालंच घ्या. भारतात २०२४ च्या एप्रिलमध्ये पीएस५ चं स्लिम मॉडेल आलं तेव्हा डिस्कवालं ५४,९९० आणि डिजिटल (डिस्क न घेणारं) ४४,९९० होतं. १० हजार वाचतात म्हणून माझ्या मेव्हण्यानं डिजिटल घेतलं, आता त्याच्या जुन्या डिस्क चहाच्या कपाखाली आहेत. तुमच्या १९ च्या १९ बहुधा पीएस५ वर चालतील, पीएस४ चे अगदी मोजकेच गेम त्यावर चालत नाहीत. तुमचा डावखुराही पेनड्राइव्हवरून तिथं जाईल. जुने कंट्रोलर मात्र पीएस५ वर फक्त पीएस४ च्याच गेमला चालतात.

आणि पीएस४ चे दिवस सरत आलेत हेही खरं. २०१३ चं मशीन आहे ते. प्लेस्टेशन प्लसच्या वर्गणीत दर महिन्याला जे गेम मिळतात, त्यात २०२६ च्या जानेवारीपासून पीएस४ च्या गेमची हमी नाही. तुम्ही एकच क्रिकेट खेळत असाल तर तुम्हाला त्याचं काय म्हणा.

पण ताईंनी सांगितलेलं पीठ माझ्या डोक्यात बसलंय. पीएस५ मध्ये चिपवर पेस्ट नसते, द्रवरूप धातू असतो. तो सांडला तर बोर्डावर शॉर्ट करतो. त्यामुळे ते कुणाहीकडून उघडून घेता येणार नाही. बाजूचे पत्रे निघतात आणि आत धूळ साठायला खास भोकं दिलीत, तिथून व्हॅक्यूमनं ओढता येतं. पण गिरणीवरच्या घरात हे महिन्याला करावं लागेल. आधी पिठाचं बघा, मग ५५ हजारांचं.

पेठेतला_पक्या

वापरलेलं पीएस४ घेऊ नका, म्हणजे न बघता घेऊ नका. जेलब्रेक केलेली (कंपनीचं कुलूप तोडलेली) बरीच फिरतायत, “५० गेम फुकट” म्हणतात ती. त्यांचं सॉफ्टवेअर मुद्दाम जुनं ठेवलेलं असतं, अपडेट केलं की ते ५० गेम गेले, नाही केलं तर ऑनलाइन बंद. आणि खरं सांगू, दुसऱ्याचं ८ वर्षांचं दुखणं १५ हजारांना विकत घेण्यापेक्षा आपलं घरचं बरं. निदान त्यात कोणाचं पीठ आहे ते माहीत असतं.

गिरणीकर_कराड (१२ दिवसांनी)

मंडळी, उघडलं.

सेव्ह आधी काढली. पासवर्ड अर्थातच आठवत नव्हता. खातं माझ्या जुन्या ईमेलवर होतं आणि त्या ईमेलचा पासवर्ड २०१७ सालच्या गिरणीच्या वहीत, उधारीच्या पानावर सापडला. ज्याच्या उधारीशेजारी लिहिला होता त्यानं पैसे अजून दिलेले नाहीत.

रविवारी गिरणी बंद ठेवून थोरला आणि मी बसलो. त्याची बोटं बारीक, माझी जाड. स्क्रू त्यानं काढले आणि कागदावर चित्र काढून ज्या त्या जागी चिकटपट्टीनं लावले. हीटसिंकपाशी पोचलो तर पाती दिसेचनात. कणीक थापून उन्हात वाळवावी तसा थर. बांबूची काडी घातली तर अख्खा तुकडा निघाला, पापडासारखा. धाकटी म्हणाली, तळू का. हातावर चोळून बघितला. गव्हापेक्षा ज्वारीच जास्त. बरोबर आहे, खिडकीजवळ ज्वारीची चक्की आहे आणि वारा तिकडूनच येतो. ९ वर्षं माझी मोटर बरोबर दर ६ महिन्यांनी साफ व्हायची, आणि तिच्या वर १० फुटांवर हे बसलेलं.

पेस्ट पानाच्या डबीतला चुना वाळतो तशी झाली होती. पुसली, नवी लावली. घड्याळाचा नाण्याएवढा सेलही बदलला, उघडलंच आहे तर. रिबिल्ड डेटाबेसनं काही फरक पडला नव्हता, म्हणून एसएसडी टाकली. सिस्टीमची मोठी फाइल पेनड्राइव्हवर ‘पीएस४’ फोल्डरमध्ये, त्याच्या आत ‘अपडेट’ फोल्डरमध्ये (ही नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांतच लागतात) ठेवून चढवली. फोल्डरचं नाव एकदा चुकलं, तासभर गेला.

हिशोब: स्क्रूड्रायव्हर १८०, पेस्ट ४५०, डिस्क वाचणारी लेन्स पुसायचं अल्कोहोल १५०, सेल ३०, एसएसडी २,७००. एकूण ३,५१०. सौ.नी वहीत ‘किरकोळ दुरुस्ती, गिरणी’ म्हणून लिहिलं. मी काही बोललो नाही.

काल सलग अडीच तास खेळलो. पंख्याचा आवाज इतका कमी, की आई जिन्यातून डोकावली, बंद पडलं का म्हणून.

आता उरलेलं रडगाणं. लेन्स पुसल्यावर १९ पैकी १६ डिस्क चालतात. न चालणाऱ्या तिनांत एक क्रिकेटची. म्हणजे डावखुरा सुखरूप आहे आणि त्याला मैदान नाही. काल खेळलो ते गाड्यांच्या शर्यतीचं. ताई, डिस्क खराब का लेन्स?

सोल्डरताई

पापडाचा फोटो टाका हो!

तीच डिस्क दुसऱ्या कुणाच्या मशीनमध्ये घालून बघा, पीएस५ असलं तरी चालेल. तिथं चालली तर तुमची लेन्स थकलीय. मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबरात सीयूएच नंतरचा आकडा काय आहे? १००० किंवा ११०० असेल तर डिस्क ड्राइव्हवरची हिरवी सर्किटची पट्टी मूळचीच ठेवावी लागते, ती तुमच्या बोर्डाशी बांधलेली असते. अख्खा ड्राइव्ह बदललात तर एकही डिस्क वाचणार नाही, आणि लोक पुन्हा ‘बोर्ड गेला’ म्हणतील. १२०० असेल तर ती भानगड नाही.

गिरणीकर_कराड

१२०० आहे.

मलकापूरला एका दळणवाल्याच्या पोराकडं पीएस५ आहे. त्याचं १० किलो दळण पोचवायच्या निमित्तानं गेलो, डिस्क खिशात. चालली, पहिल्या झटक्यात. मग नुसती चालते का बघायचं, तर एक ओव्हर टाकून बघितली. मग त्याची आई चहा घेऊन आली, मग एक डाव झाला. दोन तास. चित्र फार सुंदर दिसतं हो त्यात, खोटं कशाला बोलू. घरी सांगितलं दळणाला गिऱ्हाइकं होती.

लेन्स मागवलीय, १,१०० ला. पीएस५ चं दगड बदलून झाल्यावर बघू, आणि तेही खिडकीजवळून जागा हलवली तरच. सध्या मशीन आतल्या खोलीत कपाटावर नेलंय. वर मलमलचा तुकडा घालतो, तेवढंच पीठ अडतं.

सोल्डरताई

चालू असताना?

गिरणीकर_कराड

काढतो काढतो.