छोट्या पॉलिमर पिस्तुलात प्लस-पी काडतुसं चालतील का?

प्रश्न: ह्यूस्टनला असतो. ९ एमएमचं छोटं पॉलिमर (प्लास्टिकच्या फ्रेमचं) पिस्तूल घेतलंय. दुकानदार प्लस-पीच, म्हणजे जास्त दाबाची काडतुसं, घ्या म्हणतो. फ्रेमला तडा जाईल का?

उत्तर: दादा, स्फोटाचा दाब झेलतात ती नळी आणि स्लाइड (गोळी झाडल्यावर मागे-पुढे सरकणारा वरचा भाग), आणि दोन्ही पोलादी. सामी या काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मानकात साध्या ९ एमएमची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (दाबाचं एकक), प्लस-पीची ३८,५००. खरी गोम स्लाइडच्या वेगात आहे. छोट्या पिस्तुलाची स्लाइड हलकी, मागे जायला जागा कमी. माझ्या पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे गेलेली स्लाइड पुढे आणणारी स्प्रिंग, मऊ पडली होती. स्लाइड इतक्या झपाट्याने परतायची, की मॅगझिनमधलं काडतूस वर येईपर्यंत ती पुढे गेलेली असायची. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामाच! स्प्रिंग बदलली, त्रास थांबला. सरावाला साधीच वापरा. प्लस-पी वापरायचीच तर आधी त्यातली थोडी झाडून बघा.

उत्तर: त्याआधी मॅन्युअल वाचा, प्लीज. कंपनी 'नको' म्हणत असेल तर विषय संपला. त्याहून जास्त दाबाच्या प्लस-पी-प्लसला तर सामीची मर्यादाच ठरलेली नाही. ती घेऊच नका.

प्रश्नकर्ता: मॅन्युअलमध्ये प्लस-पीला परवानगी आहे, पण झीज लवकर होईल असंही लिहिलंय. जादा स्प्रिंग मागवतो.