‘किमान २ मुली’: ३३६ की १८६?

सीईटी_बारावी: ६ मुलगे, ४ मुली. ५ जणांची समिती, किमान २ मुली हव्यात. आधी ४ मुलींतून २ निवडल्या: ६ प्रकारे. मग उरलेल्या ८ जणांतून कोणीही ३: ५६. गुणाकार ३३६. उत्तरसूचीत १८६ दिलंय. गडबड कुठे?

गणिती: अरे, अट काढून टाकली तरी १० जणांतून ५ म्हणजे २५२च समित्या होतात! ३३६ तिथेच बाद. समितीत सीमा, रेखा, मीना असतील तर ‘आधी सीमा-रेखा, मागून मीना’ आणि ‘आधी सीमा-मीना, मागून रेखा’ हे तू वेगळे धरतोस. समिती मात्र तीच. ३ मुलींची समिती ३ वेळा मोजली जाते, ४ मुलींची ६ वेळा.
केसेस पाड. २ मुली: ६×२०=१२०. ३ मुली: ४×१५=६०. ४ मुली: १×६=६. बेरीज १८६. तुझा आकडाही यातूनच येतो: १२०+३×६०+६×६=३३६.

शून्यवादी: उलटं मोजून पडताळ: २५२ − ६ (एकही मुलगी नाही) − ६० (एकच मुलगी) = १८६.

सीईटी_बारावी: आणि त्या ५ जणांतून अध्यक्ष व सचिव नेमायचे असतील तर?

गणिती: पदं वेगळी, म्हणून ५×४ ने गुण. ३७२०.