मदत हवी आहे: डायनॅमोमुळे सायकल किती जड होते?

नमस्कार मंडळी. मी नेरूळला राहतो. रात्रपाळीसाठी पाम बीच रोडने वाशीपर्यंत सायकलनेच जातो. सायकल वडिलांची, काळी, 28 इंची. तिला टायरच्या कडेवर घासणारा जुना बाटली डायनॅमो आहे, 6 व्होल्ट 3 वॅटचा.

डायनॅमो टेकवला की घर्रर्र आवाज सुरू होतो आणि पायाला लगेच कळतं. रस्ता सपाट, पण खाडीकडून वारा समोर आला की जीव मेटाकुटीला येतो. टायरच्या कडेला काळी भुकटी साचलेली दिसते, म्हणजे बरीच ताकद रबर घासण्यातच जाते. पावसात तर रोलर घसरतो आणि नेमका गरजेच्या वेळी दिवा मंदावतो.

वाचलंय की पुढच्या चाकाच्या हबमधला (म्हणजे चाकाच्या मधोमध, आऱ्या जिथे जुळतात त्या भागातला) डायनॅमो दिवा चालू असताना साधारण 5 ते 7 वॅट खातो, बंद असताना त्याहून खूपच कमी. आरामात चालवताना आपण 75-100 वॅट लावतो असं धरलं, तर हे फार नाही. पण पायाला ते खरंच जाणवतं का? रोज वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.

दुसरं, माझं पुढचं चाक 32 आऱ्यांचं आहे आणि फोर्क अरुंद. त्यात असा हब बसेल का? ठाणे-नवी मुंबईत चाक नीट बांधून देणारा कारागीर कुणाला माहीत आहे का?

चार्जिंगचा दिवा घे असं सगळे सांगतात. तो दोनदा वाटेतच संपलाय, म्हणून तो नको.