मदत हवी आहे: बारावीनंतर सेमिनरीला (ख्रिस्ती धर्मगुरूंच्या शिक्षणसंस्थेला) जायचंय, सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ (अंबड, जि. जालना)
नमस्कार. भाचा यंदा मराठी माध्यमातून बारावी कला पास झाला. घर सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट). पाळक (चर्चचा धर्मगुरू) व्हायचं त्याच्या मनात पक्कं आहे. एका छोट्या सेमिनरीचा फॉर्म आणलाय. तीसेक मुलं, राहणं-खाणं तिथंच. माहितीपत्रकात 'पदवी' असं छापलंय, पण ती कोण देतं ते कुठंच नाही. इंग्रजी कच्चं आहे, ग्रीक-हिब्रूची, म्हणजे बायबलच्या मूळ भाषांची, धास्ती घेतलीय. तिथून बाहेर पडलं की लगेच पाळक होता येतं का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

बदनापूरकर
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण लेकरांची वर्षं तिथंच वाया जातात. सेमिनरी शिकवते; दीक्षा, म्हणजे पाळकपणाचा अधिकार, मंडळी (चर्च) देते. सीएनआयमध्ये दीक्षा बिशपांच्या हातून होते आणि त्याआधी डायसिसनं (बिशपांच्या धर्मप्रांतानं) मुलाला उमेदवार म्हणून स्वीकारलेलं असावं लागतं. परस्पर फॉर्म भरून शिकलेला मुलगा कागद घेऊन परत येतो, तेव्हा डायसिस सरळ विचारतं, तुला पाठवलं कुणी? म्हणून आधी स्थानिक पाळकांना भेटा, पास्टोरेट कमिटीकडून (स्थानिक चर्चच्या समितीकडून) ठराव करून घ्या, तो घेऊन मराठवाडा डायसिसच्या कार्यालयात अर्ज करा. फॉर्म त्यानंतर. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घरी ठेवा. कमिटी बदलली की जुने कागद सापडत नाहीत.

आता पदवी. भारतात प्रॉटेस्टंट धर्मशास्त्राच्या पदव्यांचं जुनं आणि भक्कम ठिकाण म्हणजे पश्चिम बंगालमधलं सेरामपूर कॉलेज. डेन्मार्कच्या राजाची १८२७ ची सनद आणि १९१८ चा कायदा, या दोन आधारांवर तिथली सेनेट पदव्या देते. बारावीनंतर बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी), पदवीधरांसाठी बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी). अनेक सेमिनऱ्या तिला संलग्न आहेत. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यातलीच, १९८३ साली यवतमाळहून पुण्याला आलेली. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता ही वेगळी गोष्ट. ती दर्जाची तपासणी आहे, सरकारमान्य पदवी नव्हे. या दोन्हींपैकी काहीच नसेल, तर हाती येतं ते त्या संस्थेचं प्रमाणपत्र. मंडळीत ते चालेलही, पण पुढं बी.डी.ला अडतं.

त्या सेमिनरीला लेखी विचारा: संलग्नता कुणाची, परीक्षा कोण घेतं, शिकवण्याचं माध्यम कोणतं, पूर्णवेळ शिक्षक किती, आणि ग्रीकचे शिक्षक तिथंच राहतात की पंधरा दिवस येऊन शिकवून जातात? भाषा पंधरा दिवसांत डोक्यावरून जाते. मात्र छोटी म्हणून नाकारू नका. तीस मुलांत प्रत्येकाचा संदेश (प्रवचन) बसून ऐकला जातो, दुरुस्त केला जातो. मोठ्या वर्गात ते होत नाही.

जमलं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. सोबत करू द्या. नियमित शिक्षणासोबत दूरशिक्षणानं दुसरी पदवी घ्यायला यूजीसीनं २०२२ मध्ये मोकळीक दिली आहे. उद्या काही कारणानं पाळकपण झालं नाही, तरी हातात पदवी राहील.

अक्षरओळख
भाषांबद्दल लिहितो. शाळेत संस्कृत झालं असेल तर ग्रीक मुळीच परकी वाटणार नाही. विभक्ती, तीन लिंगं, क्रियापदांची रूपं, सगळं ओळखीचं. तिकडं द्विवचनसुद्धा नाही. झालं नसेल तर मराठीतल्या विभक्ती पक्क्या करून घ्या. 'देवाने', 'देवाला', 'देवाचा' यातला फरक नावानिशी सांगता आला पाहिजे.

ग्रीकची २४ अक्षरं एका आठवड्यात लिहून येतात. पोरं अडकतात ती दुसऱ्याच सवयीपायी: ग्रीक शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. 'एन आर्खे एन हो लोगोस'. मग डोळा खालचीच ओळ वाचतो आणि दोन-तीन महिन्यांनी मूळ लिपी कोरीच राहिलेली असते. पहिल्या दिवसापासून देवनागरी लिहू नका. चुकत का होईना, मूळ अक्षरांवर बोट ठेवून मोठ्यानं वाचा.

त्यानंतर उपपदाचा (इंग्रजीतल्या 'द'सारख्या शब्दाचा) तक्ता. तीन लिंगं, चार विभक्ती, दोन वचनं, एकूण २४ रूपं. हा तोंडपाठ झाला की अर्ध्याअधिक नामांची विभक्ती आपोआप कळते. शब्दसंग्रहाचं भय नको. नव्या करारात पन्नास किंवा अधिक वेळा येणारे शब्द साधारण ३१०-३२० आहेत आणि तेवढ्यांत मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग येतो. रोज पाच शब्द, रविवारी उजळणी. एका वर्षाच्या आत होतात.

हिब्रूत घोळ होतो तो सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा: बेथ-काफ, दालेथ-रेश, हे-खेथ. दालेथला वरच्या उजव्या कोपऱ्यात टोक असतं, रेशची तिथं गोलाई. जाड निबनं मोठं लिहून घ्या, बारीक छपाईत हा फरक दिसतच नाही.

आणि खरं सांगायचं तर अडचण इंग्रजीचीच जास्त आहे. ग्रंथालय बहुतेक इंग्रजी असतं. जून येईपर्यंत मार्काचं शुभवर्तमान रोज अर्धा अध्याय मराठी-इंग्रजी शेजारीशेजारी ठेवून वाचू द्या. मजकूर ओळखीचा असल्यानं शब्दकोश कमी लागतो.

गोदाकाठ
फार मोलाचं सांगितलंत. कागदपत्रं कोणती? आणि शेजारच्या कॅथलिक घरातल्या मुलालाही असंच करावं लागतं का?

बदनापूरकर
बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, वैद्यकीय दाखला, डायसिसचं पत्र. बाप्तिस्म्याच्या नोंदीतलं नाव, आडनाव, जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी ताडून पाहा. फरक असेल तर आत्ताच प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

एक नाजूक गोष्ट. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा लाभ हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. बाप्तिस्मा झालेल्या मुलानं त्या दाखल्यावर शिष्यवृत्ती घेतली तर पुढं त्याच्यावरच येतं. फीसाठी डायसिसकडं आणि सेमिनरीकडं मदत मागा, मागायला संकोच करू नका.

कॅथलिकांची वाट वेगळी. तिथं बिशप स्वतःच स्वीकारून पाठवतात. तत्त्वज्ञान किमान दोन वर्षं, धर्मशास्त्र चार वर्षं, आणि पंचविशी पूर्ण झाल्याशिवाय फादर होता येत नाही. त्या मुलानं आपल्या धर्मग्रामाच्या फादरांना भेटावं, तेच औरंगाबाद धर्मप्रांतात पुढं कुणाला भेटायचं ते सांगतील.

तुमच्या भाच्याचं पहिलं काम मात्र कमिटीची पुढची बैठक कधी आहे ते विचारणं. काही ठिकाणी ती दोन-तीन महिन्यांनी होते आणि फॉर्मची मुदत त्याआधीच निघून जाते.