पेपरला व्ह्यूज 1,900 आणि स्कोअर नुसता 3, असं कसं?

फळमाशीवाली: फळमाशीतल्या एका जीनवरचा माझा पहिलाच पेपर दीड महिन्यापूर्वी आला, तेव्हापासून रोज उठल्या उठल्या पेज रिफ्रेश करतेय, हसू नका. व्ह्यूज 1,900 झालेत पण बाजूला ते अल्टमेट्रिकचं रंगीत चक्र असतं ना, त्यात फक्त 3. लॅबमधल्या एकाचा 140 आहे, तो मिरवत फिरतो. म्हणजे माझा पेपर लोक उघडतात आणि न वाचताच बंद करतात की काय?

जुना_पिपेट: अगं दोन्ही आकडे वेगवेगळं मोजतात. व्ह्यूज म्हणजे पान किती वेळा उघडलं आणि चक्र म्हणजे बाहेर किती बोललं गेलं, तेही वजन लावून, बातमीला 8, ब्लॉगला 5, सोशल मीडिया बरंच खाली. वाचलं का ते कुठेच कळत नाही. मेंडेलीत, म्हणजे पेपर साठवून ठेवायच्या अॅपमध्ये, किती जणांनी सेव्ह केलाय ते दिसतं, पण स्कोअरमध्ये धरत नाहीत, मी तर आधी तेच बघतो. आणि बायोआरकाइव्ह साइटवर प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापून यायच्या आधीची प्रत, टाकला होतास का? त्याचा डीओआय (पेपरचा कायमचा ओळख नंबर) वेगळा, तिथली चर्चा तिथेच राहते. बाकी 1,900 मधले चाळीसेक तुझेच हां :)

क्रिस्परग्रस्त: 140 चं काय घेऊन बसलात, 2017 मध्ये नेचर मेथड्स जर्नलमध्ये क्रिस्परने, म्हणजे जीन एडिट करायच्या तंत्राने, उंदरांत भलतीच म्युटेशन्स होतात असा पेपर आला, बातम्याच बातम्या, जीन एडिटिंग कंपन्यांचे शेअर पडले. एडिट केलेले उंदीर किती, तर दोन! आणि तुलनेला एक. तो फरक मुळातच त्यांच्या वंशातला नाही कशावरून, असं लोकांनी विचारलं आणि मार्च 2018 मध्ये पेपर मागे घेतला. बोंबाबोंबपण स्कोअरमध्येच जमा होते.

फळमाशीवाली: प्रीप्रिंट बघितला, तिथे एक ब्लॉग आणि मेंडेलीत 26 जण निघाले, मला पत्ताच नव्हता! आणि काल एक मेल आलाय, पेपरसोबतच्या सप्लिमेंटरी फाइलच्या चौथ्या टेबलमध्ये रिव्हर्स प्रायमरच्या (पीसीआरला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) सीक्वेन्समध्ये एक अक्षर चुकलंय म्हणून. खरंच चुकलंय, जी च्या जागी सी. त्यांनी तो ऑर्डर करून पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) लावला, जेलवर बँडच येईना, म्हणजे प्रती झाल्याच नाहीत, म्हणून अक्षर न् अक्षर तपासलं. लाज वाटतेय आणि भारीपण वाटतंय. आता करेक्शन एडिटरला डायरेक्ट मेल करायचं की आधी गाइडना सांगू?

जुना_पिपेट: आधी गाइड. आणि त्या माणसाला आजच बरोबर सीक्वेन्स पाठव, करेक्शन छापून यायला वेळ लागतो.