मदत हवी आहे: शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीला रात्रबाजारात कसं न्यायचं?

नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर रात्रबाजार भरतो. तिच्या मैत्रिणी जातात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तेवढाच विषय असतो. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "आई, मी काही खाणार नाही, फक्त बघायला नेशील?" तेव्हापासून मला चैन नाही.

दोन वर्षांपूर्वी एकदा नेलं होतं. कणसं भाजणाऱ्या एका गाडीवर मी नीट विचारलं, "यात दाणे आहेत का?" तो म्हणाला, "नाही हो." खरंच नव्हते. पण मसाला लावायचा चमचा शेजारच्या डब्यातून आला होता आणि त्याच्या दांड्याला कूट चिकटलेलं होतं, ते मला नंतर दिसलं. दुसऱ्याच घासाला ती ओठ खाजवायला लागली. मग गळ्यावर गांधी उठल्या, मग खोकला सुरू झाला. अ‍ॅड्रेनलिनचं पेन (तीव्र ॲलर्जीवरचं तयार इंजेक्शन) मांडीत मारलं आणि ती रात्र दवाखान्यात काढली. तो माणूस खोटं बोलला नव्हता, माझा प्रश्नच अपुरा होता.

डॉक्टरांकडून आणि वाचनातून एवढं कळलंय: तळल्या-भाजल्याने शेंगदाण्यातली त्रास देणारी प्रथिनं नष्ट होत नाहीत, त्यामुळे ज्या तेलात दाणे तळले त्यात नंतर दुसरं काही तळलं तरी धोका राहतो. चांगल्या रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, घाण्याच्या तेलात राहतात. पण कढईत कुठलं तेल आहे हे बघून कळत नाही. रस्सा दाट करायला कूट घालतात, तेही दिसत नाही.

मला हवंय ते असं, की गाडीवाल्याला नेमकं काय विचारायचं? कुठल्या गाडीपाशी थांबायचंच नाही? आणि नुसत्या वासाने काही होतं का? "नेऊच नका" असं कृपया सांगू नका, दोन वर्षं तेच केलंय.

प्रतिसाद १

ताई, मी सहा वर्षं रात्रबाजारात गाडी लावायचो. रांग लागली की "अमुक आहे का?" या प्रश्नाला तोंडातून आपोआप "नाही" निघतं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, हात चालू असतात म्हणून. त्यामुळे हो-नाहीचा प्रश्न विचारूच नका. कढईकडे बोट दाखवा आणि विचारा, "आज यात काय काय तळलं?" मग माणसाला आठवून सांगावं लागतं. तेल कालचं गाळून आणलंय का, हेही विचारा. बरेच जण आणतात, आणि काल त्यात काय पडलं ते आज सांगणार कोण?

बाजार लागतानाच या. तवा धुतलेला असतो, डबे नुकतेच उघडलेले असतात आणि माणूस मोकळा असतो. रात्र चढली की चिमटे, झारे एकमेकांत मिसळतात. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. सॉस किंवा मसाला संपला की आम्ही शेजारच्या गाडीवरून उसना आणतो. त्यात काय आहे, हे देणाऱ्यालाच ठाऊक. मी स्वतः असं कितीदा तरी केलंय. म्हणून एकच पदार्थ करणारी गाडी शोधा आणि तिथेही वरून काही न लावता कोरडंच मागा. उत्तर देताना माणूस जरा जरी अडखळला, तर पुढे चला.

प्रतिसाद २

माझ्या मुलालाही हीच ॲलर्जी आहे, आता तो पंधरा वर्षांचा आहे. नुसत्या वासाने गंभीर रिॲक्शन सहसा येत नाही, कारण वासात प्रथिनं नसतात. मला जास्त काळजी हातांची वाटते. बाकडं, कठडा, दुसऱ्याने धरलेली प्लेट, आणि मग तोच हात तोंडात. सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश निघत नाही, साबण-पाणी किंवा ओले वाइप्स लागतात. ते पिशवीत ठेवाच.

पेनं दोन न्या आणि तुमच्याच खांद्याला असू द्या, गाडीच्या डिकीत नकोत, उष्णतेने औषध खराब होतं. देव न करो, पण वेळ आलीच तर पेन मारून तिला आडवं करा, पाय वर. श्वास लागत असेल तर टेकून बसवा. उभं करून चालवत नेऊ नका, रक्तदाब एकदम पडू शकतो. रुग्णवाहिका तिच्यापर्यंत बोलवा. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं पेन. ॲलर्जीची गोळी पेनाच्या जागी चालत नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यात थांबायचं, काही तासांनी त्रास उलटू शकतो. बाजारात शिरतानाच रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकेल, ते बघून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. उसन्या मसाल्याचं तर माझ्या स्वप्नातही आलं नसतं. रुग्णवाहिकेचा विचारही मी कधी केला नव्हता. मागच्या वेळी मी तिला उचलून धावत सुटले होते.

ठरलं. बाजार लागताना जायचं, घरून पोटभर खाऊन, आणि पहिल्या खेपेला खरंच फक्त बघायचं. एक शेवटचं विचारते. ॲलर्जीची माहिती कागदावर ठळक लिहून गाडीवाल्याला दिली तर तो वाचेल का? की मीच बोलू?

प्रतिसाद १

वाचणार नाही ताई, हात तेलापिठाचे असतात. लेकीलाच विचारू द्या, तुम्ही मागे उभ्या राहा. नऊ वर्षांची पोर वर बघून "काका, यात आज काय काय तळलं?" म्हणाली, तर मी झारा खाली ठेवला असता. फक्त कढईपासून हातभर लांब उभी करा, तेल उडतं.