घुमट आरतीत सगळ्यांचे मेंदू एकदम मोजता येतील का?

चतुर्थीला फोंड्याला आमच्या घरी घुमट (मातीचं, चामड्याने मढवलेलं तालवाद्य) वाजवत आरती असते, पंधरा-वीस जण एका तालात आले की अंगावर काटा येतो, तर तेव्हा डोक्यात काय चालतं ते मोजता येतं का? एमआरआयमध्ये तर एकट्याला आडवं झोपवतात, हलायचं पण नाही.

उत्तर १: येतं. अनेकांचे मेंदू एकाच वेळी मोजण्याला हायपरस्कॅनिंग म्हणतात. २००२ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ रीड मॉन्टेग्यू यांच्या टीमने दोन वेगळ्या एमआरआय मशीनमधल्या माणसांना नेटवरून जोडून एकमेकांशी खेळायला लावलं होतं. आरतीला मात्र एफनिर्सची टोपी बरी, त्यात इन्फ्रारेड उजेडाने मेंदूच्या वरच्या थरातलं रक्तातलं ऑक्सिजन कळतं आणि थोडं हललं तरी चालतं, पण सिग्नल काही सेकंद उशिरा येतो.

उत्तर २: ईईजी, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजणं, मिलिसेकंदात बदल पकडतं, पण गाताना जबड्याचे स्नायू त्यात एवढा गोंधळ घालतात की साफ करताना जीव जातो.

उत्तर ३: एक सांगतो, सगळ्यांच्या कानावर तेच घुमट पडतंय म्हणून पण लहरी जुळतात, मने जुळली म्हणूनच असं नाही. म्हणून तसंच घुमट ऐकलेल्या पण एकत्र न बसलेल्यांच्या खोट्या जोड्या लावून तुलना करावीच लागते.

प्रश्नकर्ता: हे लक्षातच नव्हतं आलं, देव बरें करूं!